शॅल-विलचे कोष्टक

आमची पिढी इंग्रजीचा भविष्यकाळ शिकली ती एका कोष्टकाच्या धाकाने. ‘आय’ आणि ‘वी’ यांना ‘शॅल’, बाकी सर्वांना ‘विल’. निश्चय वा वचन सांगायचे असल्यास नेमके उलट. चुकले की वहीवर तांबडी शाई. हे कोष्टक इंग्रजांच्या नित्याच्या बोलण्यातूनच उतरले असावे, अशी आमची भाबडी समजूत होती.

वस्तुतः जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूपच नव्हते. वर्तमानकाळावर काम भागत असे. ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, ‘विल’चा इच्छिणे. ऋण आणि इच्छा यांचे हे शब्द झिजत झिजत काळवाचक झाले. त्यांची पुरुषवार वाटणी नियमात बसविली ती जॉन वॉलिस यांनी, १६५३ साली. हे गृहस्थ ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक; गणितातील अनंताचे चिन्हही त्यांचेच. त्यांचे व्याकरण लॅटिनमध्ये होते आणि लिहिले होते परकीयांसाठी! पुढे १७९५ मध्ये लिंडली मरे यांच्या व्याकरणातून तो नियम शाळाशाळांत पोचला. स्कॉच आणि आयरिश लोक सर्रास ‘विल’ म्हणत, म्हणून त्यांच्यावर एक विनोदही रचला गेला : बुडणारा माणूस मदतीसाठी ओरडतो, पण शॅल-विलच्या अदलाबदलीमुळे अर्थ होतो, ‘मी बुडणारच, कोणी मला वाचवता कामा नये.’ १९२५ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी नाटके तपासली, तेव्हा प्रथमपुरुषातही ‘विल’चेच प्राबल्य दिसले. म्हणजे तांबड्या शाईतला बराच भाग अनाठायी होता.

खरी गरज होती ती ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांतील भेदाची. जोशुआ पूल यांच्या १६४६ च्या व्याकरणात ‘गोइंग टू’ची नोंद आहे; पण आमच्या कोष्टकात त्याला जागा नव्हती. मराठी मुलाला तो भेद समजावणे किती सोपे! आभाळ भरून आले की आपण ‘पाऊस पडणार’ म्हणतो. नुसता अंदाज असेल तर ‘पडेल’. ‘येईन’ आणि ‘येणार आहे’ यांतही बरेचसे तेच अंतर.

जुळत नाही तेथे मात्र सावध राहावे लागते. दारावरची घंटा वाजली की आपण ‘मी बघतो’ म्हणून उठतो; इंग्रजाला तेथे ‘विल’चे आखूड रूप लागते. आमच्या घरची नातवंडे तेथे अजूनही वर्तमानकाळच लावतात. या चुकीवर आमच्या वहीत कधी खूण पडल्याचे आठवत नाही.