रुमालाबाहेरचे दगड

पापनाशमच्या परिसरात जमीन खणली तर गाळ लागतो, दगड लागत नाही. कावेरीने आणून पसरलेली ही माती भाताला उत्तम, पण देवळाला दगड हवा असेल तर तो बाहेरूनच आणावा लागे. तंजावरच्या बृहदीश्वराचा ग्रॅनाइटही असाच दुरून आला. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. आम्हा तंजावरी मराठी माणसांचा उरलेला इतिहास मोडी कागदांत आहे.

मोडी दफ्तराची एक शिस्त असते. कागद रुमालात बांधलेले असतात. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणाच्या शेजारी होता, यावरून त्याचा काळ आणि प्रसंग ठरवायला मदत होते. सुटा कागद वाचता येतो, पण तो कशाबद्दल आहे हे पुष्कळदा सांगता येत नाही. कोल्लिडम ओलांडून उत्तरेला अरियलूर-पेरंबलूरच्या माळावर गेलो की मला हीच गोष्ट आठवते.

क्रिटेशस काळात तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेले थर आज उघडे पडले आहेत. के आणि कन्लिफ या इंग्रज अधिकाऱ्यांनी दक्षिणेत जमवलेल्या जीवाश्मांवर एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ साली लिहिले. पुढे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी थरांचा नकाशा केला आणि ऊटत्तूर, त्रिचनापल्ली व अरियलूर असे त्यांचे गट पाडले. फर्डिनांड स्टोलिक्झ्का यांनी या जीवांवर कलकत्त्याहून मोठे ग्रंथ सिद्ध केले. १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये त्यांचा अंत झाला. थर आणि जीव यांची सांगड या लोकांनी घातली, म्हणून इथला अमोनाइट आज काळ सांगू शकतो.

सात्तनूरचे झाड सर्वांत प्रसिद्ध. दगड झालेला हा बुंधा अठरा मीटरच्या आसपास लांब आहे. तंजावर जिल्ह्यात जन्मलेले एम. एस. कृष्णन यांनी तो १९४० साली शोधला. १९५१ साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले भारतीय संचालक झाले. हा बुंधा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, त्याला कुंपण आहे, आणि मुख्य म्हणजे तो जागेवर आहे.

कल्लमेडूच्या हाडांच्या नशिबी हे नव्हते. तिथे सापडलेल्या प्रचंड डायनासोरला यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८०च्या दशकात ‘ब्रुहथकायोसॉरस’ असे नाव दिले. पायाचे एक हाडच सुमारे दोन मीटरचे होते. पण हाडे ठिसूळ होती, त्यांचा भुगा झाला. मागे राहिली ती रेखाटने आणि थोडी छायाचित्रे; त्यांवरून हा प्राणी किती मोठा होता यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

पाऊस आणि हवा यांना दोष देता येत नाही. माणसाचे तसे नाही. अरियलूरचा चुनखडक सिमेंटला लागतो, आणि त्या खडकात शिंपल्यांचे थरच्या थर आहेत. खाणीमुळेच नवे थर उजेडात येतात आणि खाणीतच ते संपतात. या कारखान्यांवर अनेक घरे चालतात, म्हणून खाणी बंद करा असे मी म्हणणार नाही. पण थर फोडण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, एवढे मागायला काय हरकत आहे? दुसरीकडे कारैच्या घळींत हौशी पाहुणे जातात आणि बोटासारखे बेलेम्नाइट खिशात घालून घरी नेतात. शोकेसमधला तो दगड म्हणजे रुमालातून ओढून काढलेला कागद.

याच जिल्ह्यातल्या कारैवेट्टी तलावावर हिवाळ्यात हिमालय ओलांडून कादंब हंस येतात. त्या पाणथळीला २०२४ साली रामसर यादीत जागा मिळाली. पक्षी उडाला तर पुढच्या वर्षी परत येण्याची आशा असते. भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवला होता. कायद्याची वाट पाहायची ती पाहू. पण वारणवासीला जीवाश्म संग्रहालय आहे, जीवाश्म हातात घ्यायची हौस तिथे भागवावी. घळीतला दगड पाहावा, त्याचा फोटो काढावा आणि होता तिथेच ठेवावा.