पेवातला कंदील

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण 'पेव फुटले' असे म्हणतो. हा वाक्प्रचार शिकणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांनी पेव पाहिलेले असते. पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र मोठे. अमरावती-अकोल्याकडील जुन्या गावांत गावठाणाच्या पांढरीत अशी पेवे असत. आतून कडबा किंवा भुसा लावून ज्वारी भरीत आणि तोंड दगड-मातीने बंद करीत. ही ज्वारी टिके आणि दुष्काळात कामी येई.

पेव उघडण्याचा दिवस मात्र धोक्याचा असे. घाईने उतरलेला माणूस तळाशी कोसळे. त्याला काढायला गेलेला दुसराही तेथेच राही. म्हणून जाणती माणसे पेव काही काळ उघडे ठेवीत आणि मग दोरीने पेटता कंदील आत सोडून पाहत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे.

हा कंदील नेमके काय सांगत होता? त्याचे उत्तर युरोपात हळूहळू सापडत गेले, आणि त्यातला एक धागा दारूच्या भट्टीतून जातो. कोळसा जळताना आणि द्राक्षरस आंबताना एकच वायू निघतो, असे सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्टने म्हटले. 'गॅस' हा शब्दही त्याचाच. १७५६ साली जोसेफ ब्लॅकने या वायूवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चुनखडीत तो जणू बांधलेला असतो, म्हणून ब्लॅकने त्याला 'बद्ध वायू' म्हटले. आपल्या उच्छ्वासातही तोच असतो, हे त्याने चुन्याच्या निवळीने दाखविले.

१७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधील लीड्स येथे धर्मोपदेशक म्हणून आला. त्याच्या घराशेजारी बीअरची भट्टी होती. आंबणाऱ्या रसाच्या पिंपांवर या वायूचा वीतभर जाडीचा थर तरंगताना त्याला आढळला. त्यात धरलेली मेणबत्ती विझे आणि तिचा धूर थरावर पसरून राही. वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो पिंपाच्या काठावरून खालीही ओघळे. या थरात पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्याने ते फसफसते केले. १७७२ मध्ये त्याने ही कृती प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या गोटी सोड्याचा हा पूर्वज. हा वायू कार्बन व ऑक्सिजन यांचा बनलेला आहे, हे पुढे लाव्हाझिएने स्पष्ट केले.

मग पेव आणि पिंप यांत फरक काय? येथे थोडे थांबायला हवे. साठवलेले धान्य जिवंत असते, ते श्वास घेते. पेवात शिरलेला ओलावा, बुरशी आणि किडे यांनी हा श्वास वाढतो. जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ऑक्सिजन संपत आला की किडेही मरतात. म्हणजे धान्य राखणारी हवा आणि माणूस मारणारी हवा एकच!

ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १६ वर आला की ज्योत विझते. तेव्हा पेवात कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांच्या आसपास असतो. धाप लागते, डोके दुखते, पण सहसा शुद्ध जात नाही. म्हणजे कंदील माणसाच्या आधी विझतो.

पिंपात तसे नाही. आंबताना यीस्ट साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. त्यात ऑक्सिजन खर्च होत नाही. नवा वायू हवेला फक्त बाजूला ढकलतो. १० टक्के कार्बन डायऑक्साइड जमला तरी ऑक्सिजन सुमारे १९ टक्के उरतो. ज्योत मंद का होईना, जळत राहू शकते. माणूस मात्र एवढ्या प्रमाणात काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. पेवात उपयोगी पडलेला कंदील भट्टीच्या तळघरात फसवतो.

वर्गात हे सहज दाखविता येईल. भिजवलेली मटकी मोड येताना एक दिवस झाकणबंद बरणीत ठेवावी. झाकण हळूच काढून पेटती काडी आत न्यावी, ती विझते. दुसऱ्या बरणीत मटकीशेजारी चुन्याच्या निवळीची वाटी ठेवली तर निवळी दुधाळ होते.

पेवे आता बहुतेक बुजली. पण खोल विहिरी, धान्याच्या बंद कोठ्या, सांडपाण्याच्या टाक्या आहेतच. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर मिथेन असल्याने ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. मुलांना म्हणून दोनच गोष्टी पक्क्या सांगाव्यात. ज्योत जळते म्हणून हवा चांगली, असे समजू नये. आणि आत कोणी कोसळले तर मागोमाग उतरू नये. आधी आरडाओरडा करून मदत बोलवावी. दुसरा माणूस वाचला, तरच पहिल्याला वाचविण्याची आशा राहते.