मुक्काम कलुंबी, तालुका वाई

जगभरच्या उल्कापाषाणांच्या यादीत ‘कलुंबी’ असं एक नाव आहे. ते आपल्या सातारा जिल्ह्यातलं, वाई तालुक्यातलं. १८७९ च्या नोव्हेंबरात तिथं आकाशातून दगड पडला. अशा दगडाला शोधणाऱ्याचं किंवा राजाचं नाव देत नाहीत. जिथं पडला त्या जागेचं देतात. आम्हा कवींना ही रीत आवडावी. वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं, आणि पत्ता तालुका वाई!

मी अग्निगोल पाहिला तो साताऱ्याहून सांगलीला एसटीनं येताना, कराडच्या पुढं. हिरवट उजेडात उसाचं रान क्षणभर पानापानानं दिसलं. शेजारचे आजोबा म्हणाले, “कुणी मोठा माणूस गेला.” आमची दादी असं दिसलं की म्हणायची, “सैतानाला मार बसला.” त्यातलं काही जमिनीवर पोचलं का, कुणास ठाऊक. सापडलं नाही, म्हणून त्याला नावही नाही.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे सरकले. लोकांना उल्काच वाटली. पण चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला पडलं ते धातूचं भलंमोठं कडं. चिनी रॉकेटचे ते अवशेष, असं तज्ज्ञांनी सांगितलं. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगानं घुसते. रॉकेटचा तुकडा आठाच्या आसपास. म्हणून तो रेंगाळत जातो, आणि बघणाऱ्याला शेजाऱ्याला हाक मारण्याइतका वेळ मिळतो.