गांज्याची परीक्षा कोणासाठी? : हेम्प ड्रग्ज आयोग (१८९३-९४) आणि ग्राहकसुरक्षेचा प्रश्न

प्रस्तावना

भांग, गांजा व चरस यांचा इतिहास मराठीत बहुधा अबकारी महसूल, धार्मिक आचार अथवा गुन्हेगारी या तीन अंगांनी अभ्यासला जातो. सेवन करणाऱ्याच्या हाती पडणारा माल किती तीव्र आहे, ताजा आहे की जुना, त्यात धोतरा मिसळला आहे काय, हे कोणी आणि कोणासाठी तपासले, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. आज कॅनडात आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत गांजा परवानाधारक दुकानात मिळतो व प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय तो विक्रीस ठेवता येत नाही. ही व्यवस्था सर्वस्वी नवी मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः गांज्याचे नमुने गोळा करून सरकारी खर्चाने त्यांची रासायनिक परीक्षा करण्याचा मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात झाला होता. ती परीक्षा सेवन करणाऱ्यासाठी नव्हती, आणि पुढील शतकभर परीक्षेचा हेतू बदलत गेला तरी ती त्याच्यापर्यंत पोचली नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

आयोग आणि त्याचे रसायनतज्ज्ञ

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात विल्यम केन या मद्यपानविरोधी सभासदाने बंगालमधील गांज्याविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचा हेम्प ड्रग्ज आयोग नेमला. त्यांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ मध्ये अहवाल सादर केला. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. म्हणून बंदी न घालता लागवड, साठवण व विक्री यांवर नियंत्रण आणि पुरेसा कर असावा, असा त्याचा सर्वपरिचित निष्कर्ष आहे.

मुंबई इलाख्यात गांज्याच्या लागवडीचे मुख्य केंद्र अहमदनगर जिल्हा हे होते व १८७८ चा मुंबई अबकारी कायदा तेथे लागू होता. गोदावरी ओलांडली की निजामाची हद्द लागे. आजचा परभणी जिल्हा तेव्हा त्या राज्यात असल्याने मुंबईचे नियम तेथे चालत नसत. एकच पीक व एकच चिलीम, परंतु नदीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, ही परिस्थिती अबकारी अधिकाऱ्यांना चोरट्या व्यापाराच्या दृष्टीने खुपत असे. त्या मालाच्या शुद्धतेचा विचार या चिंतेत क्वचितच येई.

आयोगाच्या रासायनिक कामाशी एका ग्रंथाचा जवळचा संबंध आहे. मुंबईचे विल्यम डायमॉक, कलकत्त्याचे सी. जे. एच. वॉर्डन आणि मद्रास सरकारच्या सेवेतील उटकमंडचे डेव्हिड हूपर या तिघांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा वनौषधिविषयक ग्रंथ त्याच सुमारास खंडशः प्रसिद्ध झाला होता. डायमॉक १८९२ मध्ये निवर्तले. वॉर्डन आयोगाचे सभासद झाले व निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या नमुन्यांचे पृथक्करण हूपर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या काळची पद्धत अशी की, माल मद्यार्कात भिजवून त्यातील राळ काढावयाची, तिचे वजन करावयाचे व उरलेला माल जाळून राख मोजावयाची. राख जास्त निघाली तर मातीरेती जास्त, हे त्यावरून समजे. राळेच्या वजनावरून मात्र नशेचा अंदाज नीटसा येईना, कारण राळेतील नेमके कोणते द्रव्य मादक आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. परिणामी माकडांना गांज्याचा धूर देऊन पाहण्याचेही प्रयोग करण्यात आले.

भेसळीबाबत आयोगाने साक्षीदारांना प्रश्न विचारले होते. धोतरा, कुचला, अफू अशी नावे उत्तरांत येतात. परंतु धोतरा सामान्यतः मिसळला जात नाही, नेहमीच्या मात्रेने ज्यांचे भागत नाही असे थोडे लोक तो स्वतःच घालतात, असा आयोगाचा कल दिसतो. हा निर्णय साक्षीवर आधारलेला होता. दुकानातील माल उचलून त्यात धोतऱ्याचे बी आहे काय हे नियमितपणे पाहण्याची योजना आयोगाने सुचविली नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संलग्न असलेले सरकारी रासायनिक विश्लेषक विषप्रयोगाच्या खटल्यांत धोतरा ओळखण्याचे काम करीत असत. म्हणजे ज्ञान होते, प्रयोगशाळाही होती. परंतु मनुष्य बेशुद्ध पडल्यावरच तिचे दार उघडे.

वेड्यांच्या इस्पितळांविषयी आयोगाने दाखविलेली चिकित्सक वृत्ती येथे तुलनेसाठी लक्षात घेण्याजोगी आहे. १८९२ सालात भरती झालेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण भांग-गांजा असे लिहिलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरणाची फेरतपासणी केली आणि ९८ प्रकरणांतच ते कारण ग्राह्य धरले. बाकीच्या नोंदी बहुतांशी पोलिसांच्या ऐकीव माहितीवरून झाल्या होत्या. कागदावर लिहिलेले कारण स्वीकारण्यापूर्वी ते पडताळावे हे ज्या आयोगाला सुचले, त्यालाच दुकानातील पुडी पडताळावी असे वाटले नाही. त्याच्यापुढचा प्रश्न बंदी की महसूल असा होता. शुद्धतेची हमी परवाना आणि सरकारी वखार यांतून आपोआप मिळेल असे गृहीत धरले गेले.

द्रव्याचा शोध

जुना गांजा उतरतो, हे शेतकरी व दुकानदार दोघेही जाणत. त्याचे कारण कळावयास बराच काळ लागला. १८९६ मध्ये केंब्रिज येथील वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड यांनी चरसापासून तांबडे तेल काढले व त्यास ‘कॅनॅबिनॉल’ असे नाव दिले. हेच मादक द्रव्य असावे अशी त्यांची समजूत होती. पुढे दिसून आले ते असे की, शुद्ध कॅनॅबिनॉल हा मुख्यतः मूळ मादक द्रव्य हवेने व काळाने बिघडल्यावर तयार होणारा अवशेष आहे. ते मूळ द्रव्य, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल अथवा टीएचसी, १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

मधल्या काळात औषधविक्रेत्यांपुढे व्यावहारिक अडचण होती. मुंबईहून निर्यात होणारा गांजा लंडनच्या बाजारात ‘ग्वाझा’ या नावाने विकला जाई व औषधी अर्कासाठी वापरला जाई. परंतु एका खेपेचा अर्क प्रभावी, तर दुसऱ्या खेपेचा निरुपयोगी ठरे. अमेरिकेच्या १९१६ च्या औषधसंहितेने त्यावर उपाय म्हणून कुत्र्यावरील परीक्षा ठरवून दिली. अर्क पाजल्यावर कुत्र्याचा तोल जातो काय, हे पाहून त्याचे सामर्थ्य ठरविले जाई. पद्धत ओबडधोबड होती. तरीही खेप विकण्यापूर्वी रुग्णाच्या हितासाठी तपासावी ही कल्पना तीत आहे, आणि ती कल्पना अबकारी खात्याच्या वखारीत नव्हती.

पुढे औषध म्हणून गांजा मागे पडला. ब्रिटिश औषधसंहितेतून तो १९३२ मध्ये वगळला गेला. १९३८ मध्ये द्युकेनुआ यांनी जांभळा रंग देणारी जी सोपी चाचणी प्रचारात आणली, तिचा उपयोग पोलिसी तपासाला झाला. प्रयोगशाळेला विचारला जाणारा प्रश्न आता ‘हा गांजा आहे काय?’ एवढाच उरला.

कायदा आणि प्रयोगशाळा

१९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने हाच प्रश्न पक्का केला. त्यातील गांज्याची व्याख्या वनस्पतीच्या भागावर बेतलेली आहे: फुलांचे व फळांचे शेंडे म्हणजे गांजा, शेंड्यांसोबत नसतील तर बिया व पाने त्यातून वगळलेली. टीएचसीचे प्रमाण व्याख्येत नाही. २००१ च्या अधिसूचनेनुसार १ किलो ही गांज्याची अल्प मात्रा व २० किलो ही व्यापारी मात्रा ठरते, म्हणून जप्त मालात शेंडे किती आणि पाने-काड्या किती, हा वाद न्यायालयात वारंवार येतो. महाराष्ट्रातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली पानावरील केस पाहतात, रंगचाचण्या करतात व ओळख पटवितात. त्या मालात शिसे किती किंवा बुरशी कोणती, हे आरोपपत्राच्या दृष्टीने अप्रस्तुत असते.

जेथे विक्री कायदेशीर आहे तेथील परीक्षा निराळी आहे. खेपेतून नमुना घेऊन द्रव-वर्णलेखन पद्धतीने टीएचसी व कॅनॅबिडिऑल मोजले जाते. ताज्या शेंड्यात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते व उष्णतेने त्याचे मादक रूप होते. म्हणून आम्लाचा आकडा ०.८७७ ने गुणून एकूण टीएचसीत मिळवितात. याखेरीज कीटकनाशके, जड धातू, अस्परजिलससारख्या बुरशी व अर्क काढताना राहिलेले द्रावक यांची तपासणी होते. गांज्याचे झाड जमिनीतील कॅडमियमसारखे धातू शोषून घेते, ही बाब धातूंच्या तपासणीमागे आहे. २०१६-१७ मध्ये कॅनडात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक आढळल्याने परवानाधारक उत्पादकांना माल परत घ्यावा लागला. ते जळले असता हायड्रोजन सायनाइड निर्माण होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वाफ ओढण्याच्या उपकरणांमुळे फुप्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्यतः बेकायदा मालात मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हे तिचे प्रमुख कारण ठरले. कॅनडातील दोष चाचणीत पकडता आला. अमेरिकेतील बराचसा माल कोणत्याही प्रयोगशाळेत गेलाच नव्हता. अर्थात या व्यवस्थेतही खोट आहे. प्रयोगशाळेचे शुल्क उत्पादक भरतो आणि टीएचसीचा आकडा मोठा असेल तर माल महाग विकला जातो. त्यामुळे सोयीचा आकडा देणारी प्रयोगशाळा शोधण्याचे प्रकार अमेरिकेत उघडकीस आले आहेत.

भारतात कायदेशीर मार्ग दोन आहेत. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि टीएचसीची मर्यादा बियांसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम व तेलासाठी १० मिलिग्रॅम ठेवली. येथे द्रव्याचा आकडा प्रथमच ग्राहकाच्या बाजूने नियमात आला. दुसरा मार्ग आयुर्वेदिक औषधांचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये भांगेचा समावेश आहे. त्यामुळे पोटात घ्यावयाच्या अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे आवश्यक असते. मुंबईत २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे हेम्प कंपनीसारख्या संस्थांनी ‘विजया’युक्त औषधे याच मार्गाने बाजारात आणली आहेत.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या रस्त्यावरील वस्तीतही अशी बाटली आता टपालाने येऊ शकते. तिच्यावरील मजकूर नियमाप्रमाणे घटकद्रव्यांची यादी व त्यांचे प्रमाण सांगतो. एका मात्रेत विजयापत्र किती आहे हे त्यावरून कळते. त्या पानांत टीएचसी किती होते, हे पानाच्या वजनावरून काढता येत नाही. १८९४ मध्ये राळेचे वजन हाती असूनही हूपर यांना नेमके हेच सांगता येत नव्हते. आज ते सांगणारे यंत्र उपलब्ध आहे आणि काही उत्पादक खेपनिहाय विश्लेषण अहवाल ग्राहकाला देतातही. तो अहवाल बाटलीसोबत असलाच पाहिजे असा नियम आयुर्वेदिक औषधांसाठी व्हावयाचा आहे.