जुनेर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. कारण सांगितलं तर हसाल. गेले पंधरा दिवस आमचा माळा खाली आला आहे!

झालं असं, की मुलगी म्हणाली, "आई, माळा उपसायचा तर आत्ताच उपस. नंतर मला एकटीला जमायचं नाही." तिच्या त्या 'नंतर'चा अर्थ मला कळला. पंच्याहत्तरी जवळ आली की असे शब्द कानाला लागत नाहीत, उलट सोय वाटते. असो. तर माणूस लावून सगळं खाली काढलं. तांब्याचा बंब, दोन पितळी घंगाळं, पाळण्याच्या कड्या, सासूबाईंची पायाची शिलाई मशीन, नातवाची तीनचाकी सायकल, माझी सतरा-अठरा पातळं आणि ह्यांचा काळा लोकरी कोट.

नातू म्हणाला, "आजी, फोटो काढून नेटवर टाकू. जुन्या पितळेला हल्ली चांगला भाव आहे." मुलगी म्हणाली, "विकायचं काय त्यात? कुणाला तरी देऊन टाक, पुण्य लागेल." दोघांचं ऐकून घेतलं आणि गप्प बसले. नातवाचं मला पटेना हे समजण्यासारखं आहे, सासूबाईंच्या मशीनचा फोटो काढून भाव सांगायला हात धजेना. पण मुलीचं तरी पटायला हवं होतं! तेही पटेना. त्याला एक कारण आहे. ते मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

१९७९ सालची थंडी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होते. पाचवीच्या वर्गात एक मुलगी रोज पहिल्या तासाला कुडकुडत बसायची. माझ्या मुलीचा हाताने विणलेला एक स्वेटर तिला तोकडा झाला होता, पण चांगला होता, एक टाका उसवलेला नव्हता. मी तो पिशवीतून नेला आणि हजेरी झाल्यावर, सगळ्या वर्गासमोर, त्या पोरीला बोलावून तिच्या हातात दिला. आणि वर "घाल बरं आता" असंही म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी स्वेटर न घालता आली. तिसऱ्या दिवशी तिची आई मधल्या सुट्टीत शाळेत आली. त्यांचं घर बौद्धवाड्यात होतं. तिने पिशवीतून स्वेटर काढला. धुतलेला, नीट घडी घातलेला. घडीत कागदाच्या पुडीत मूठभर भाजलेल्या शेंगा. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत ना, तसं.

"राग मानू नका बाई," ती म्हणाली. "माझ्या आजीनं वाड्यावरची जुनेरं नेसली. आईनंबी नेसली. पोरीला मी नवंच घीन. उशीर झाला तर झाला."

आवाज चढलेला नव्हता. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. शेंगा मात्र घरी आणल्या, आणि मुलीने त्या खाल्ल्या.

महाडचा सत्याग्रह मी दरवर्षी शिकवत होते. १९ आणि २० मार्च १९२७, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, चवदार तळं, सगळं पाठ. पण मुलांना शिकवताना पाण्यापाशी थांबत होते. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, असंही बाबासाहेबांनी सांगितलं होतं, हे पुस्तकातून सटकून जात होतं. तळ्याचं पाणी हा हक्क होता, आणि उष्टं नाकारणं हाही. पुढे डिसेंबरात महाडलाच पुन्हा लोक जमले तेव्हा बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले, लुगडं कसं नेसावं, अंगावर काय घालू नये इथपर्यंत बोलले. आम्ही मुलांना सनावळ्या दिल्या. कपड्याचा इतिहास दिला नाही.

त्याच वेळी, २५ डिसेंबर १९२७ ला, मनुस्मृतीचं दहन झालं. ते का झालं असावं, असं कुणी विचारलं तर मी दहावा अध्याय काढून दाखवते. घरातलं उरलेलं अन्न, जुनी वस्त्रं, धान्यातलं पाखडून उरलेलं आणि घरातलं जुनं सामानसुमान आपल्या आश्रित शूद्राला द्यावं, असं तिथे एका श्लोकात सांगितलं आहे. म्हणजे बघा, माझ्या माळ्यावरची अख्खी यादीच! देणाऱ्याला वाटतं हे दान. घेणाऱ्याच्या बाजूने ते पिढ्यान् पिढ्यांचं वेतन होतं, आणि त्यात निवड नव्हती. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. त्यात बलुतेदारांचे कामाच्या मोबदल्याचे हक्क वाचताना हेच जाणवतं. कुणाच्या वाट्याला खळ्यावरचं धान्य, तर कुणाच्या वाट्याला मेलेल्या ढोराचं कातडं. नकोशी वस्तू कुणाकडे जायची ते आधीच ठरलेलं असायचं.

ह्याच्या उलट आमची बोहारीण. तुमच्यातल्या साठीपुढच्या बायकांना ती लख्ख आठवत असणार. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं बोचकं, दुपारी दोनला दारात हाक. आई तिच्याशी तास तास हुज्जत घाले. वडिलांची एक पँट, दोन सदरे आणि एक जरीकाठी लुगडं, ह्यावर पातेलं मिळायचं. झाकणासाठी आणखी एक परकर द्यावा लागायचा. बोहारीण कपडा उजेडात धरून विरलेली जागा दाखवायची, आई पातेल्याला टिचकी मारून ते किती पातळ आहे ते ऐकवायची. दोघी एकमेकींना लबाड म्हणायच्या, आणि मग आई तिला चहा द्यायची. आमच्या घरी पहिली स्टीलची भांडी अशीच आली. तेव्हा मला ती घासाघीस शरमेची वाटे. आता वाटतं, त्या ओट्यावर दोघी सारख्या उंचीवर बसलेल्या होत्या. त्याच ओट्याच्या खाली उभी राहून मोलकरीण जुनं पातळ न बघता घ्यायची आणि हात जोडायची.

ह्या दोन गोष्टींत जास्त पुण्याची कोणती, ते तुम्हीच ठरवा.

बाकी दानाबद्दल आपले पूर्वज भाबडे नव्हते. कठोपनिषदाची सुरुवातच ह्या घोळाने होते. नचिकेत्याचा बाप सर्वस्व देण्याचा यज्ञ करतो आणि देतो काय, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या, वासरू होण्याची आशा संपलेल्या गाई! म्हणजे यज्ञाच्या नावाने गोठा रिकामा करणं. पोराला ते बघवत नाही, तो विचारतो, मग मला कुणाला देणार? सगळे जण नचिकेता यमाकडे गेल्यावरचं तत्त्वज्ञान सांगतात. मला त्या भाकड गाईच जास्त आठवतात.

आणि हर्षवर्धन. ही गोष्ट सातवीच्या मुलांना फार आवडायची. ह्युएन त्संगाच्या चरित्रात आहे. इ.स. ६४३ च्या सुमारास प्रयागला मोठा मेळा भरला. हर्ष दर पाच वर्षांनी असा मेळा भरवत असे. अडीच महिने राजाने सगळा खजिना वाटला. शेवटी अंगावरचे दागिने आणि वस्त्रंही दिली, आणि बहिणीकडे, राज्यश्रीकडे, एक साधं वापरलेलं वस्त्र मागून ते नेसला. मुलं विचारायची, "बाई, राजाने जुनं वस्त्र का मागितलं, नवं का नाही?" मी सांगायचे, वैराग्य. आता म्हणेन, मागता आलं म्हणून मागितलं. बहिणीचं जुनेर नेसायला कमीपणा कसला? आम्ही मावस-मामे बहिणी एकमेकींचे फ्रॉक घालूनच मोठ्या झालो. जुनं असण्यात खोट नसते, ते कोणत्या बाजूने येतं त्यात असते. (त्या चरित्रात पुढे असंही आहे, की मांडलिक राजांनी हर्षाचे दागिने पैसे देऊन सोडवले आणि त्याला परत आणून दिले. ते वाक्य मुलांना सांगताना मी जरा घाई करायचे!)

पण माझी खरी आवडती गोष्ट आनंदाची, बुद्धाच्या शिष्याची. विनयपिटकात आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी त्याचा उपदेश ऐकून त्याला पाचशे उत्तरीयं दिली. राजा चिडला. एवढी वस्त्रं घेऊन हा श्रमण काय कापडाचं दुकान घालणार आहे? त्याने जाऊन विचारलंच, एवढ्यांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्षूंना वाटणार. मग त्या विरलेल्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. त्या जुन्या अंथरणांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? फाडून, चिखलात मळून त्यांचा गिलावा. राजा खूष झाला आणि त्याने आणखी पाचशे दिली.

माझी आजी बौद्ध वाङ्मय वाचायला गेलेली नव्हती, पण तिचं शास्त्र हेच होतं. लुगड्याचं जुनेर, जुनेराची गोधडी, गोधडीतून निघालेल्या चिंध्यांची दुपटी, मग चुलीपुढचं फडकं आणि शेवटी पोतेरं. पोतेरं झाल्याशिवाय कापड घराबाहेर जात नसे. आनंदाच्या उत्तरात मला भावतं ते हे, की त्याने पुण्याचं नाव काढलं नाही. पाचशेतलं प्रत्येक कुठे जाणार ते सांगितलं.

आपण तेवढं विचारत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण कोळ्यांच्या बायकांना आपल्याकडचं काय चालेल हे कुणी विचारलंच नव्हतं. ते ढीग निवडायचं काम 'गूंज' ह्या संस्थेने केलं. अंशू गुप्तांनी ती १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केली, २०१५ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांची पद्धत मला आवडते. गावकरी गावाचं काही काम करतात, विहीर, रस्ता, पूल, आणि कपडे त्यांना त्या कामाबद्दल मिळतात. माझा अमेरिकेतला भाचा जुनं सामान 'गुडविल'च्या दुकानात नेऊन देतो. ती कल्पना १९०२ ची, बोस्टनच्या एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याची. जुनं गोळा करायचं, गरजूंकडूनच ते दुरुस्त करून घ्यायचं, त्यांना मजुरी द्यायची आणि स्वस्तात विकायचं. म्हणजे तिथेही किंमत ठेवली आहे. थोडी का असेना.

तर आता माळ्याकडे येते. बंब आणि घंगाळं मोडीत दिली, त्याचं मला काही वाटलं नाही. सायकल शेजारच्या नातीला. कोट मात्र पाच-सहा दिवस खुर्चीच्या पाठीवर होता. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण खिशात अजून बसचं एक तिकीट होतं. शेवटी आमच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनला खाली जाऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, नुसतं विचारलं, "कोट आहे एक. बघता का अंगाला होतो का?" त्यांनी घालून पाहिला. उंच माणूस, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. "नाही आजी, आखूड होतोय," म्हणून त्यांनी काढून माझ्या हातात दिला. खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं! कोट परत खुर्चीवर आहे.

मशीनसाठी पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या, फॉल-पिकोची कामं करतात. मी म्हटलं, न्या, तेल घाला आणि वापरा. त्या म्हणाल्या, "फुकट नको आजी. भंगारवाला काय देत होता?" सातशे म्हणाला होता. त्यांनी सातशे मोजून टेबलावर ठेवले. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मला ती शेंगांची पुडी आठवली. पैसे घेतले.

मग त्यांची नजर पातळांच्या गठ्ठ्यावर गेली. "ह्यांची गोधडी छान होईल," म्हणाल्या. शिवून देणार आहेत. शिलाईवरून मात्र आमची कालपासून हुज्जत चालली आहे. मी म्हणते बाजारभावाने घ्या, त्या म्हणतात मशीन तुमचंच, शिलाई कसली? मुलगी आम्हा दोघींना हसते. पातळं अजून पलंगावरच आहेत. हिरवं वर घालायचं की अस्तराला, तेही ठरायचं आहे.