लिबआयकॅल

लिबआयकॅल : कॅलेंडरमधील कार्यक्रमांच्या नोंदी वाचणारी, लिहिणारी आणि त्यांच्या तारखा काढून देणारी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लायब्ररी. सी भाषेतील या लायब्ररीची सुरुवात एरिक बझबूम यांनी केली. तिचा पाया असलेले आयकॅलेंडर मानक १९९८ मध्ये आरएफसी २४४५ या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली.

या लायब्ररीचा खरा कस लागतो तो पुन्हापुन्हा येणाऱ्या कार्यक्रमांत. बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असेल, तर फाइलमध्ये प्रत्येक तारीख न साठवता एकच नियम नोंदवतात. लायब्ररी त्यावरून पुढच्या तारखा काढते. वेळक्षेत्रांचा हिशेबही तिच्याकडेच असतो: मुंबईतली संध्याकाळी साडेसहाची बैठक लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारी एकची, तर उन्हाळ्यात दोनची ठरते.

ग्नोम डेस्कटॉपचे इव्होल्यूशन आणि केडीई डेस्कटॉपचे कॉर्गनायझर ही लिनक्सवरील परिचित सॉफ्टवेअर या लायब्ररीवर विसंबून आहेत.