वसईचा तट आणि दारूगोळ्याचा हिशेब

वसईचा किल्ला ४१ वर्षांच्या अंतराने दोनदा पडला. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि १७८०च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेने तो मराठ्यांकडून घेतला. किल्ला एकच. उल्हास खाडीच्या मुखाशी, बहुतेक अंगांनी पाणी आणि दलदल, हल्ल्याला सोयीची अशी एक उत्तरेची वाळूची बाजू, आणि त्या बाजूला चुन्यात बांधलेला भक्कम तट. तरी पहिल्या वेढ्याला तीन महिने लागले आणि ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांप्रमाणे मराठ्यांकडचे मेलेले व जखमी ५००० झाले, पोर्तुगीजांकडचे ८००. दुसरा वेढा महिन्याभरात आटोपला. या फरकाचे उत्तर आपण सहसा माणसांत शोधतो. कुणाचे शौर्य, कुणाचा नेता, कुणाची फितुरी, असे प्रश्न आपल्या तोंडी लगेच येतात. मला हे उत्तर दारूगोळ्यात दिसते. दारू किती होती हा त्यातला अर्धाच भाग आहे. एका बारासारखा दुसरा बार भरता येत होता का, आणि तो किती लवकर भरता येत होता, हा उरलेला आणि जास्त महत्त्वाचा भाग.

त्या काळी तोफेचा एक बार काढणे म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेली अनेक कामे असत. आधीच्या बाराची धग आणि ठिणग्या नळीत राहिलेल्या असत, म्हणून ओला बोळा फिरवून नळी पुसायची. मग दारू आत सारायची, तिच्यावर बोळा ठासायचा, गोळा ढकलायचा, पुन्हा ठासायचे, कान्यावर, म्हणजे बत्तीच्या भोकावर, रंजक (पेटवणीची दारू) ओतायची, नेम तपासायचा आणि बत्ती द्यायची. यातली एक पायरी चुकली तर तोफ आपल्याच माणसांवर उलटे. पायऱ्या न चुकताही बार वाया जाण्याची मुख्य कारणे दोन. पहिले दारूचे माप. सुटी दारू लांब दांड्याच्या पळीने नळीत टाकली की दर वेळी थोडी कमी-अधिक पडणारच, आणि दमट हवेत ठेवलेल्या पिंपातली दारू कोरड्या पिंपातल्या दारूइतकी जोरकस नसणारच. दुसरे कारण गोळा आणि नळी यांच्यातली फट. ओतीव गोळा नळीत अडकू नये म्हणून तो थोडा लहान ठेवावा लागे. इंग्रजांच्या २४ पौंडी तोफेची नळी पावणेसहा इंचांहून किंचित मोठी आणि गोळा साधारण साडेपाच इंचांचा. एवढ्याशा फटीतूनही स्फोटाचा बराच जोर निसटून जातो आणि गोळा नळीत आपटत बाहेर पडतो. मग जिथे गोळे निरनिराळ्या मापांचे आणि तोफा निरनिराळ्या देशांच्या, तिथे किती जोर वाया जात असेल याची कल्पना करावी.

तट पाडायचा तर सगळा खेळ एकाच जागी वारंवार मारा करण्याचा असतो. चुन्यातली भिंत एका गोळ्याने पडत नाही, दहा गोळे दहा ठिकाणी लागूनही पडत नाही. खालच्या अंगाला एका ओळीत, हातभर अंतरावर गोळ्यामागून गोळा बसला तर दगड सुटतात आणि वरचा भाग आपल्याच भाराने ढासळतो. म्हणजे बाराचा एकसारखेपणा ही गोलंदाजाची हौस नव्हती. त्याच्यावाचून तोफ गर्जना करत राहते आणि तट उभा राहतो.

१७३९चा वेढा या बाजूने पाहिला तर त्यातल्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतो. मोहिमेची सुरुवात १७३७मध्ये ठाणे, साष्टी आणि अर्नाळा घेऊन झाली. वसईच्या तटाला शिड्या लावण्याचे त्या वर्षीचे प्रयत्न मात्र फसले. १७३९च्या जानेवारीत माहीम आणि तारापूर पडले, तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले, आणि फेब्रुवारीत वसईभोवती मोर्चे लागले. मराठ्यांजवळ तोफा होत्या, मारा चालू होता, तरी निर्णायक वाट तोफांनी पाडली नाही. ती सुरुंगांनी पाडली. वाळूतून चर खणत, वरून येणाऱ्या गोळ्या आणि हातगोळे सोसत तटाच्या पायथ्याशी जायचे, बुरुजाखाली पोकळी करायची आणि तिथे दारू ठासायची, हे काम बेलदारांचे आणि सुरुंगवाल्यांचे. सुरुंगाला नेम लागत नाही आणि मापाचा गोळाही लागत नाही. लागते ती भरपूर दारू, आणि माणसांचे जीव. ज्याच्याकडे एकसारखा मारा करणारा तोफखाना नाही त्याला हाच मार्ग उरतो. अप्पांनी तो डोळसपणे निवडला असे मी मानतो.

पण सुरुंगालाही एकसारखेपणाचा नियम चुकत नाही. अनेक सुरुंग एकदम उडवायचे तर प्रत्येकाची वात सारख्या वेगाने जळली पाहिजे. १३ मेच्या सकाळी तसे झाले नाही. काही सुरुंग उडाले, सां सेबास्तियांव बुरुजाला खिंडार पडले, मराठे त्यात धावले, आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्या पायांखाली उडाला. आपल्याच दारूने आपली माणसे गेली. त्या दिवशीच्या हानीत पोर्तुगीजांच्या बंदुकांइतकाच वातींच्या या कमी-अधिक वेगाचा वाटा होता, आणि वसईच्या कथेत ही गोष्ट ओझरती येते याचे मला वाईट वाटते. खिंडारात मेलेल्या त्या माणसांचे शौर्य यामुळे उणे होत नाही. त्यांच्यावर कसला प्रसंग आला होता हे मात्र नीट कळते.

पोर्तुगीजांची अडचण निराळी होती. तटावर तोफा होत्या, उडवणारे होते, पण साठा भरून निघण्याची वाट बंद होत चालली होती. पोर्तुगीज सत्तेचा मोठा दारूचा कारखाना गोव्यात पणेलीला, आणि त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे आणि दादाजी भावे नरगुंदकर यांची फौज गोव्याच्या साष्टीत उतरली होती. गोव्याला स्वतःचीच चिंता पडलेली. समुद्रावर मानाजी आंग्र्यांचा पहारा. मदतीसाठी मुंबईकर इंग्रजांकडे तोंड वेंगाडावे लागले, आणि त्यांनी फौज दिली नाही. १५,००० रुपये कर्ज दिले, तेही चर्चमधली चांदी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून घेऊन. वेढ्यात सापडलेल्या शहराने तोफ गहाण टाकावी यापरता दारूगोळ्याच्या हिशेबाचा बोलका पुरावा मला ठाऊक नाही. बार भरायला काही उरणार नसेल तर तटावरची तोफ नुसता धातू होते, आणि धातूला बाजारात भाव असतो. १६ मे रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या, २३ मेला पोर्तुगीज मानाने बाहेर पडले. त्यांच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. मेणवलीची १७०७ साल कोरलेली आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ सालची घंटा आजही पाहायला मिळते. घंटेचे कासे तोफेच्या ओतकामाला चालते, तरी त्या वितळवल्या गेल्या नाहीत, देवळांत टांगल्या गेल्या. इतिहासाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले.

आता १७८०. गॉडर्ड नोव्हेंबरच्या मध्यावर वसईसमोर आला, किल्ल्याची मजबुती पाहून त्याने शिड्यांचा विचारही केला नाही आणि रीतसर चर खणत पुढे सरकला. २८ नोव्हेंबरला ९०० यार्डांवरून सहा तोफा आणि सहा उखळी तोफा सुरू झाल्या. त्यांच्या आडोशाने चर ५०० यार्डांपर्यंत गेले. ९ डिसेंबरला तिथून २४ पौंडी नऊ तोफा तटावर आणि वीस उखळी तोफा तटाच्या माथ्यावर बोलू लागल्या. ११ डिसेंबरला किल्ला स्वाधीन झाला. जड तोफांचे काम जेमतेम दोन दिवसांचे. नऊच्या नऊ तोफा एकाच मापाच्या, त्यांचे गोळे एकाच मापाचे. त्यामुळे एका तोफेचा गोळा दुसरीला चालत होता आणि एकीचा अनुभव दुसरीला लागू पडत होता. मधल्या काळात तोफेचे शास्त्रच बदलले होते. बेंजामिन रॉबिन्सचा तोफविद्येवरचा ग्रंथ १७४२ साली, म्हणजे वसई मराठ्यांकडे आल्यावर तीन वर्षांनी निघाला. गोळ्याचा वेग मोजण्याची रीत त्याने दिली आणि दारूचे वजन, नळीची लांबी व हवेचा विरोध यांचा हिशेब मांडला. पुढे तोच रॉबिन्स कंपनीचा इंजिनिअर म्हणून किल्ले सुधारायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. तोफ भरीव ओतून मग यंत्राने नळी कोरण्याची पद्धतही युरोपात याच दशकांत रूढ होत गेली, आणि तिच्यामुळे नळी व गोळ्यातली फट हुकमी ठेवणे सोपे झाले.

यावर पहिला आक्षेप असा की वसई जिंकली ती जिद्दीने. किल्ला मिळत नसेल तर माझे डोके तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका, असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तिचा आशय मला खरा वाटतो, आणि म्हणूनच ती माझ्या बाजूची साक्ष आहे. सरदार स्वतःचे डोके तोफेत घालण्याची भाषा कधी करतो? गोळ्यांनी काम होत नाही तेव्हा. जिद्द नसती तर वसई आली नसती हे खरेच, पण जिद्दीची इतकी जबर किंमत का मोजावी लागली, हा प्रश्न त्यापुढचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १७८०मध्ये शिबंदीला बाहेरून कुमक पोचली नाही म्हणून किल्ला पडला, तोफांमुळे नव्हे, असे कुणी म्हणेल. कुमक निघाली होती. रामचंद्र गणेश यांची फौज कोकणात उतरून वज्रेश्वरीच्या बाजूला दुगाड येथे इंग्रज सेनानी हार्टलीशी झुंजत होती, आणि १२ डिसेंबरच्या धुक्यात रामचंद्र गणेश तिथे पडले. वसई आदल्याच दिवशी गेली होती. तारखांचा हा मेळ पाहिला की वेळेचे मोल ध्यानात येते. वेढ्यात दोन्ही पक्ष वेळच विकत घेत असतात, आणि ती विकत घेण्याचे नाणे म्हणजे दारूगोळा. गॉडर्डला तट फोडायला दोन महिने लागले असते तर हार्टलीच्या छोट्या तुकडीला तेवढा काळ फळी धरता आली असती का, याची मला शंका आहे. १७३९मध्ये अप्पांच्याही मानेवर वेळेचे जू होतेच. नादिरशहाने मार्चमध्ये दिल्ली लुटली होती, बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती, आणि पंधरा-वीस दिवसांवर पावसाळा उभा होता. वसईच्या वाळूत पाऊस पडला की चर भरतात, वाती विझतात आणि दारूची माती होते. मेच्या मध्यावरचा तो रक्तबंबाळ हल्ला अविचार नव्हता. पावसाआधी उरलेली ती शेवटची संधी होती.

मराठे या बाबतीत अजाण होते का, हा तिसरा प्रश्न. नव्हते. १७३९ साली युरोपातही हे ज्ञान अर्धवटच होते, आणि वसईनंतर मराठ्यांनी हात बांधून ठेवले नाहीत. माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नरकडे आंबेगव्हाणला तोफेचे गोळे ओतण्याचा कारखाना निघाला, पुढे महादजी शिंद्यांनी आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश कारागिराकडून तोफा ओतवल्या. उणीव राहिली ती सातत्याची. सगळ्या सरदारांच्या तोफा एका मापावर आणणारी, माप मोडले तर जाब विचारणारी एक व्यवस्था उभी राहिली नाही.

१८६९ साली इंग्रजांनी खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला तो नेमक्या अशा व्यवस्थेच्या पायावर. तोवर पितळी काडतूस आले होते. पूर्वी गोलंदाज मोर्च्यावर उभा राहून जे करी, दारू मोजणे, गोळी बसवणे, रंजक ठेवणे, ते सगळे काडतुसात आधीच भरलेले असे आणि भरणारे हात रणांगणापासून दूर होते. पुढच्या यंत्रांत तर दट्ट्याच्या एका फेऱ्यासरशी एका घरात रिकामे कवच, दुसऱ्यात टोपी, तिसऱ्यात मोजकी दारू, चौथ्यात गोळी, असे सगळे टप्पे एकदम पुढे सरकतात. तिथेही खरी मेहनत यंत्र फिरवण्यात नसते, ती जुळवणीत असते. प्रत्येक घराचा साचा केसभर इकडे-तिकडे करायचा, पहिली काडतुसे वजनकाट्यावर आणि मापपट्टीवर तपासायची, आणि हजारावे काडतूस पहिल्यासारखे आहे याची खात्री पटेपर्यंत हात आखडता ठेवायचा. १३ मे १७३९ रोजी सां सेबास्तियांव बुरुजाखाली सुरुंगवाले आपल्या वातींकडून नेमकी हीच खात्री मागत होते.